मुक्कामी गाडी आणि कीर्तनाची वाट

कार्तिक शुद्ध एकादशीस शेषशायी भगवान योगनिद्रेतून जागे होतात, म्हणून या तिथीस प्रबोधिनी म्हणतात. आषाढी एकादशीस आरंभिलेला चातुर्मास येथे पूर्ण होतो. पावसाळ्यात वाटेवर असंख्य जीवजंतू उपजतात, आपल्या पावलांखाली त्यांची हिंसा होऊ नये, यास्तव संन्याशाने या काळात एका स्थळी राहावे असा शास्त्राचा दंडक आहे. प्रबोधिनीनंतर त्याची वाट पुन्हा मोकळी होते. आम्ही कीर्तनकार काही संन्यासी नव्हे, प्रपंची माणसे. परंतु आमचीही पावले याच सुमारास गावोगावच्या उत्सवांकडे वळतात. पंढरीत पौर्णिमेचा गोपाळकाला झाला, यात्रा पांगली, की मी कोनाड्यावरची कापडी पिशवी खाली काढतो. तीत एक धोतर, उपरणे, पगडी, झांज, चिपळ्या आणि लाल कापडात बांधलेली एक पोथी एवढे साहित्य असते. पेटी त्या त्या गावी मिळते. तबलजी आपला तबला घेऊन बरोबर येतात.

माझ्याकडे स्वतःचे वाहन नाही, पूर्वीही नव्हते. सदुसष्टी ओलांडली आहे. पंढरपूरहून मंगळवेढे, सांगोले, करमाळे, बार्शी, परांडे या टापूतील बहुतेक उत्सवांना मी गेलो तो एस. टी. ने, क्वचित आगगाडीने, आणि जेथे दोन्ही नाहीत तेथे पायी. लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून अर्ध्या तिकिटात जात होतो. आता ज्येष्ठ नागरिक म्हणून पुन्हा अर्ध्या तिकिटात जातो. मधली पन्नास वर्षे पूर्ण तिकिटाची. या पन्नास वर्षांच्या प्रवासाने मला जे शिकविले, आणि अलीकडे ज्या एका प्रसंगाने माझे डोळे उघडले, ते आजच्या पुण्यतिथीस वाचकांपुढे ठेवावे असे मनात आले.

नारदांचा शाप

कीर्तनकार ज्या जागी उभा राहतो तिला आपण नारदांची गादी म्हणतो. या आदिकीर्तनकाराला पायाला भिंगरी कशी लागली, याची कथा श्रीमद्भागवताच्या सहाव्या स्कंधात आहे. दक्ष प्रजापतीने प्रजावृद्धीसाठी आपल्या हर्यश्व नामक दहा सहस्र पुत्रांस तपाला धाडले. नारदांनी त्यांना वैराग्याचा उपदेश केला आणि ते परतलेच नाहीत. दक्षाने पुन्हा शबलाश्व नावाचे एक सहस्र पुत्र धाडले. त्यांचीही तीच गत झाली. तेव्हा क्रुद्ध झालेल्या त्या पित्याने नारदांना शाप दिला की, त्रैलोक्यात भटकताना तुला कोठेही स्थिर ठाव मिळणार नाही. नारदांजवळ उलट शाप देण्याचे सामर्थ्य होते. त्यांनी तसे न करता तो शाप शांतपणे स्वीकारला. पुढे ध्रुवाला अरण्यात, प्रह्लादाला मातेच्या गर्भात आणि व्यासांना सरस्वतीच्या तीरी त्यांचा लाभ झाला, तो याच भ्रमणामुळे. एका गावी मठ बांधून बसलेले नारद या तिघांना भेटते ना.

आपल्या महाराष्ट्रात हीच परंपरा नामदेवरायांनी चालविली. पंढरीत जन्म गेलेला हा भक्त, ज्ञानदेवांबरोबर तीर्थयात्रेला निघाला आणि पुढे थेट पंजाबात घुमानपर्यंत पोचला. शिखांच्या श्रीगुरुग्रंथसाहिबात नामदेवांची एकसष्ट पदे आहेत. ज्या भूमीत मराठीचा एक शब्द कोणास कळत नव्हता, तेथे हे कीर्तन पोचले ते चालत्या पायांनी. विठोबा विटेवर उभा राहून वाट पाहतो. त्याचे नाव घेऊन हिंडण्याचे काम त्याने भक्तांकडे दिले आहे.

गाडी आली, बुवा आले

आमच्या पिढीच्या हिंडण्याला चाके मिळाली. दि. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) या मार्गावर एस. टी. ची पहिली गाडी धावली आणि पुढील दोन-तीन दशकांत ती आडबाजूच्या खेड्यांपर्यंत जाऊन पोचली. आमच्या भागात त्याही आधीची बार्शी लाइट रेल्वे होती. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून ती १९०६ मध्ये पंढरीस आली. २००० नंतरच्या दशकात तो मार्ग टप्प्याटप्प्याने रुंद मापाचा झाला आणि ती छोटी गाडी आठवणीत गेली. परंतु रेल्वेला आपल्या रुळांची मर्यादा. वाडीवस्तीच्या देवळापर्यंत कीर्तन नेले ते एस. टी. च्या मुक्कामी गाडीने.

शहरातील वाचकांस ही मुक्कामी गाडी कदाचित परिचित नसेल. तालुक्याच्या गावाहून ती दिवेलागणीला सुटते. वाटेतील फाटे, वाड्या घेत रात्री आठाच्या सुमारास शेवटच्या गावी पोचते आणि तेथेच राहते. चालक-वाहक देवळात किंवा शाळेच्या ओट्यावर पथारी टाकतात. पहाटे सहाला हीच गाडी दुधाच्या किटल्या, शाळा-महाविद्यालयाची मुले, बाजाराला निघालेल्या बाया आणि कोर्टकचेरीची मंडळी घेऊन परत तालुक्याला जाते. खेडेगावातील कीर्तनाचे सारे वेळापत्रक या गाडीवर बसविलेले असे. ती आली की गावकरी म्हणत, "गाडी आली, बुवा आले." मग हातपाय धुणे, भाकरी-पिठल्याचे जेवण, आणि साडेनवाला नमन. मध्यरात्री आरती होई. पहाटे त्याच गाडीने आम्ही पुढल्या गावाची वाट धरीत असू.

या गाडीने आम्हांला श्रोतेही मिळवून दिले. चालक-वाहकांना रात्री दुसरे जाणार कोठे? तेही देवळात येऊन बसत. एका उत्सवात मी दामाजीपंतांचे आख्यान लावले होते. मंगळवेढ्याच्या या भक्ताने दुष्काळात सरकारी धान्यकोठारे रयतेसाठी खुली केली. बेदरच्या बादशहाचा कोप झाला. तेव्हा प्रत्यक्ष पांडुरंग विठू महाराचे रूप घेऊन, खांद्यावर घोंगडी टाकून बेदरला गेला आणि धान्याचे मोल भरून आला. कथा रंगली. देव पायी गेला, अनवाणी गेला, या वर्णनावर मी बराच वेळ घेतला. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडीत बसलो असता, तिकीट देता देता वाहक हळूच म्हणाले, "बुवा, रात्रीची कथा फार छान झाली. पण देवाने रक्कम भरल्यावर पावती घेतली ते तुम्ही सांगितलेच नाहीत. आमच्याकडे पावतीशिवाय हिशेब मिटत नाही."

मी ओशाळलो. परंपरेने सांगितल्या जाणाऱ्या या कथेत पावती आहे. देवाने ती आणून दामाजीपंतांच्या पोथीत ठेवली असे सांगतात. रंगाच्या भरात ती माझ्याकडून राहून गेली होती. मी विचार करू लागलो, देवाला पावतीची काय गरज? गरज होती ती दामाजीपंतांना. बादशहासमोर उभ्या राहणाऱ्या भक्तावर पुढे कोणी बालंट आणू नये, म्हणून जगन्नियंत्याने कारकुनाकडून कागद मागून घेतला. भगवंताचे वात्सल्य कागदाच्या एका तुकड्यापर्यंत उतरते, हा अर्थ मला पोथीने नव्हे, एका वाहकाने दाखविला. त्या दिवसापासून माझ्या आख्यानाचा शेवट पावतीवरच होतो.

स्वतःच्या वाहनाने जाणाऱ्याला हा लाभ होत नाही. गाडीत शेजारी बसलेल्या म्हातारीकडून त्या गावच्या दैवताची हकीकत कळते. पुढच्या बाकावरील शेतकऱ्याच्या बोलण्यावरून यंदा तुरीला कीड लागली की पाऊस वेळेवर झाला ते समजते. रात्री पूर्वरंगात दृष्टांत देताना तेच उपयोगी पडते. ज्यांच्यापुढे उभे राहावयाचे, त्यांच्याबरोबर तासभर धूळ खाल्ली की त्यांची भाषा आपोआप जिभेवर येते.

यान आणि यात्राफल

आता मूळ प्रसंगाकडे येतो. मंगळवेढे तालुक्यातील एका लहान गावी भैरवनाथाचे देऊळ आहे. कार्तिक वद्य अष्टमीस, म्हणजे कालाष्टमीस, तेथे कीर्तन असते. १९८६ पासून ही सेवा माझ्याकडे आहे. पूर्वी मुक्कामी गाडी थेट देवळासमोरच्या लिंबाखाली उभी राहत असे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, गाडी थांबली, आणि मग ती पुन्हा सुरू झालीच नाही. यात कोणाला दोष देण्यासारखे काही नव्हते. गावात घरटी मोटारसायकल आली होती, मुले वडापच्या जीपने तालुक्याला जाऊ लागली होती. मुक्कामी गाडीत शेवटी शेवटी पाच-सहा उतारू असत. आता जवळचा थांबा म्हणजे डांबरी रस्त्यावरचा फाटा. तेथून गाव चार किलोमीटर.

२०२२ च्या कार्तिकात गावाहून दूरध्वनी आला, "बुवा, काळजी करू नका. न्यायला मोटार पाठवितो, रात्रीच परत पोचवितो." मोटार आली. पंढरीतून निघालो, तासाभरात देवळाशी उतरलो, कीर्तन केले आणि मध्यरात्री घरी येऊन निजलो. सुख वाटले, हे खोटे सांगत नाही. या वयात सहा ठिकाणी चढउतार केल्यावर गुडघे आपली तक्रार सांगतातच.

पुढल्या वर्षी श्रावणात त्या गावचे एक वृद्ध गृहस्थ दर्शनाला पंढरीस आले असता घरी आले. बोलता बोलता त्यांच्या तोंडून सहज निघून गेले की, मागल्या अष्टमीस महाप्रसाद झाला नाही, नुसता खडीसाखरेचा प्रसाद वाटला. मी कारण विचारले. ते प्रथम बोलेनात. मग म्हणाले, "मोटारीचं भाडं बुवांच्या बिदागीपेक्षा जास्त झालं. वर्गणी तेवढीच गोळा होती. पोरं म्हणाली, जेवण एक वर्ष राहू द्या, पण कीर्तन मोडायला नको."

वाचकहो, त्या रात्री मला झोप लागली नाही. कालाष्टमीच्या त्या पंगतीला ऊसतोडीसाठी पालात उतरलेली कुटुंबे येतात, हे मी डोळ्यांनी पाहिले होते. माझ्या एका तासाच्या सुखासाठी त्यांची पाने उठली होती, आणि मी त्याच देवळात उभा राहून, रयतेसाठी कोठार उघडणाऱ्या दामाजीपंतांचे आख्यान सांगून आलो होतो.

मत्स्यपुराणातील प्रयागमाहात्म्यात यात्रेला वाहनाने जाण्याविषयी कठोर वचने आहेत. ऐश्वर्याने, लोभाने किंवा मोहाने जो यानातून तीर्थाला जातो, त्याची यात्रा निष्फळ होते, असे तेथे म्हटले आहे. विद्यार्थिदशेत हे वचन मी पाठ केले होते. पुढे प्रवचनांतून अनेकदा समजावूनही सांगितले. वचनातील भर वाहनावर नसून वाहनामागच्या बुद्धीवर आहे, वृद्ध, आजारी, अशक्त यांना त्यात दोष नाही, असे मी सांगत असे. आजही तेच सांगेन. २०२० च्या आषाढीस, महामारीमुळे पायी वारी होऊ शकली नाही, तेव्हा आळंदीहून माउलींच्या आणि देहूहून तुकोबारायांच्या पादुका एस. टी. तून पंढरीस आल्या. सुमारे अडीचशे किलोमीटरांची, अठरा-वीस दिवसांची ती वाटचाल त्या वर्षी एका दिवसात झाली. चंद्रभागेच्या तीरी राहणाऱ्या आम्हां लोकांचे डोळे त्या दिवशी भरून आले, आणि त्या गाडीला हात जोडताना कोणाच्या मनात विकल्प आला नाही. आपत्काली यान हे साधन होते.

परंतु मी मोटारीत बसलो तेव्हा आपत्काल होता काय? फाट्यापर्यंत गाडी होती, पाय चालत होते, वेळ होता. मला फक्त त्याच रात्री घरी परतावयाचे होते. आणि माझ्या बसण्याचे मोल कोण देतो, हे मी विचारले नव्हते. त्या वचनातील 'मोह' हा शब्द मी इतकी वर्षे दुसऱ्यांना समजावीत होतो.

फाट्यापासून गावापर्यंत

२०२३ च्या कालाष्टमीपूर्वी मी गावाला कळविले, मोटार पाठवू नका, मी माझा येतो. घरच्यांना हे रुचले नाही. चिरंजीव म्हणाले, "बाबा, वाटेत पडलात तर कोण आहे तेथे?" प्रश्न रास्त होता. मी तबलजींना विचारले, ते म्हणाले, "बुवा, तुम्ही चालणार असाल तर डग्गा मी डोक्यावर घेतो." दुपारच्या गाडीने निघून आम्ही तीनच्या सुमारास फाट्यावर उतरलो. उजेडात चालावयाचे एवढी एक खबरदारी घेतली होती.

कार्तिकातील ती उतरती उन्हे, दोन्ही बाजूंस गुडघ्याएवढी आलेली शाळूची शेते, मधूनच हरभऱ्याच्या आंबेचा वास. छत्तीस वर्षे त्या गावाला जात होतो; पण रात्रीच्या गाडीने जाऊन पहाटेच्या अंधारात परतणाऱ्या मला त्या रस्त्यावर एक जुनी पायविहीर आहे, हे ठाऊक नव्हते. तिच्या काठी बसून आम्ही पाणी प्यालो. दीड किलोमीटर गेलो असू, तोच समोरून दहा-बारा मुले धावत आली. त्यांच्यामागे टाळ घेतलेली काही मंडळी होती. कोणी शेतातून पाहून वर्दी दिली होती. मुलांनी पिशवी घेतली, एकाने तबला घेतला. उरलेली वाट भजनाच्या गजरात केव्हा संपली ते कळले नाही. गुडघा दुखत होता, तो रात्री आरती झाल्यावर आठवला.

त्या रात्री मुक्काम देवळाच्या ओवरीतच केला. दुसऱ्या दिवशी सकाळी जाण्याची घाई नव्हती, म्हणून मुलांना जमवून तासभर स्तोत्रे सांगितली, दोन वृद्धांच्या घरी जाऊन आलो, आणि दुपारी महाप्रसादाच्या पंगतीत बसलो. पालातली मुले माझ्या शेजारी जेवत होती. एवढ्या वर्षांत त्या उत्सवाची पंगत मी पहाटेच्या गाडीमुळे दोन-तीनदाच पाहिली होती. तीही गाडी चुकली म्हणून. २०२४ मध्येही असेच गेलो आणि यंदाही, भैरवनाथाची कृपा असेल आणि गुडघे साथ देतील, तर तसेच जाणार आहे. ज्या वर्षी चालवणार नाही, त्या वर्षी गावातील एखाद्याच्या मोटारसायकलवर मागे बसेन. तेव्हा ते साधन असेल, आणि त्याचा बोजा कोणाच्या पानावर पडणार नाही.

उत्सव मंडळींस विनंती

मोटारीने येणाऱ्या माझ्या कीर्तनकार बंधूंना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. कित्येकांना एका दिवसात दोन गावे करावी लागतात. संसार सर्वांनाच आहे. परंतु लहान गावांच्या उत्सव मंडळींना अनुभवाच्या आधारे काही सुचवावेसे वाटते.

पहिली गोष्ट, कीर्तनाची वेळ गाडीच्या वेळेशी जुळवून घ्यावी. मुक्कामी गाडी नसेल तर रात्री साडेनवाचा आग्रह सोडून सायंकाळी सहाला कीर्तन ठेवावे. आरतीनंतर बुवांना गावात राहवून घ्यावे. पाहुण्याला एक रात्र ठेवून घेणे हे आपल्या गृहस्थधर्माला नवे नाही. दुसरी गोष्ट, शेजारच्या चार-पाच गावांनी एकत्र बसून तिथी ठरवाव्यात. सप्तमी एका गावी, अष्टमी दुसऱ्या, नवमी तिसऱ्या, असे झाले तर कीर्तनकार एकदा येऊन पंचक्रोशी करून परततो. प्रत्येक गावाला स्वतंत्र जाण्यायेण्याचा खर्च सोसावा लागत नाही. पूर्वीचे कीर्तनकार असेच महिना महिना घराबाहेर असत. तिसरी गोष्ट, वाहनाचे भाडे आणि बिदागी यांचा हिशेब बुवांना आधी स्पष्ट सांगावा. संकोचाने तो दडविला की त्याची भरपाई अन्नदानातून होते. ज्याला हिशेब कळला तो कीर्तनकार बहुधा स्वतःच काही मार्ग काढील.

आणि भाविक कुटुंबांना एवढेच सांगणे की, आपल्या दारी मोटार असेल तर ती उत्सवाच्या दिवशी एकदा वाडीवस्तीकडे फिरवावी. बुवांना आणण्यासाठी ती नसली तरी चालेल. अंधारात एकट्याने येऊ न शकणाऱ्या आजी-आजोबांना देवळापर्यंत आणावे आणि आरती झाल्यावर घरी सोडावे. कीर्तनाला त्या चाकांची सेवा मोठी होईल.

आज प्रबोधिनी. पंढरीत चंद्रभागेचे वाळवंट दिंड्यांनी भरून गेले आहे. चार दिवसांनी गोपाळपुरात काला होईल, वारकरी आपापल्या वाटेला लागतील. मीही पिशवी भरून ठेवली आहे. झांजेला नवी दोरी ओवली, पोथीचे फडके धुऊन वाळत घातले. तबलजींचा निरोप आला आहे की, फाट्यावर उतरल्यावर पायविहिरीशी थोडे बसू. पांडुरंग सर्वांना सुखरूप आपापल्या गावी पोचवो, आणि कोणत्याही देवळातील पंगत वाटखर्चाच्या पायी न मोडो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.